धाकटी नव्हे, थोरली

टाउनशिप, भोपाळ

श्री. अच्युतराव यांस,

उदयचा साष्टांग नमस्कार. आपली साखर ताब्यात आणि सुमित्रावहिनींचा गुडघा वाकता असेल, असे धरून चालतो. नलिनी नागपुरास आपल्याकडे सुखरूप पोचली, हे मला शेजाऱ्यांकडून समजले. दूरध्वनीवर आपण मध्येच हसता, म्हणून हे लेखी निवेदन. आपल्या भगिनीने मांडलेली बाजू एकतर्फी असण्याचा संभव आहे.

मुद्दा संगणकाचा आहे. कारखान्याच्या भंगार-लिलावात मी आमच्या लेखा विभागातला जुना संगणक घेतला. नोकरीस लागलो तेव्हा पगारपत्रके मी त्याच्यावरच केली होती. अवधपुरीच्या नीळकंठांकडे (निवृत्त इंजिनिअर, स्वभावाने मोघम) त्याच घडणीचा संगणक आहे. वेग मोजण्याचा एक प्रोग्राम असतो. तो यंत्राकडून भराभर गणिते करवून घेतो आणि शेवटी गुण देतो. त्यांच्या यंत्राला अधिक गुण पडले. मी वाणिज्य शाखेचा असलो तरी हे सोसण्यासारखे नव्हते. तेव्हा आतल्या बोर्डावरच्या बारीक पिना हलवून आमच्या यंत्राचा वेग मी कंपनीने ठरवल्याहून वाढवला. (हे लिहितानाही वेगाची चाचणी चालू आहे, जरा पाहून येतो. आलो. चालू आहे.) वेग वाढला खरा, पण मे महिन्यात ते तापून मध्येच गोठू लागले. (तापून गोठणे हा शब्दप्रयोग सदोष आहे, परंतु घडते तसेच.) सबब हॉलमधला कूलर मी आतल्या खोलीकडे, यंत्रावर वळवला.

त्या दुपारी नलिनीची भिशी होती. हॉलमध्ये बायका पदराने वारा घेत बसल्या होत्या. नीळकंठांच्या पत्नी प्रतिभाताई म्हणाल्या, "अगं, आत कुणी बीमार आहे का? सगळी हवा तिकडेच!"

"बीमार कुठली," नलिनी म्हणाली, "ह्यांची धाकटी आहे आत. तिला उकडतं."

सगळ्या हसल्या. इथवर ठीक होते. परंतु चुकीची नोंद तशीच राहू देणे मला जमत नाही. (पुन्हा उठलो होतो. चालू आहे.) मी दारात येऊन एवढेच सांगितले की यंत्र एक्याण्णवचे, विवाह त्र्याण्णवचा, तेव्हा धाकटी नव्हे, थोरली म्हणावे.

त्यावर कोणी हसले नाही. भिशी लवकर आटोपली आणि आपल्या भगिनीने माळ्यावरची बॅग काढली.

तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. चहा करतो, तो ओट्यावर ठेवून यंत्राकडे जातो, यंत्राकडून परत येतो तर चहा गार. हे वाक्यसुद्धा मी तीन खुर्च्यांवर लिहिले. तिला परत पाठवा, असे मी म्हणत नाही. मुक्काम किती ठेवायचा हा सर्वस्वी तिच्या इच्छेचा प्रश्न आहे. वस्तुस्थिती आपल्यासमोर असावी, एवढाच हेतू.

आपला,
उदय

ता. क. – चाचणी आत्ताच पूर्ण झाली. नीळकंठांना मागे टाकले. "अगं, झालं!" असे स्वयंपाकघराकडे ओरडलोही. मात्र हा निकाल ग्राह्य धरता येत नाही. आधीच्या सर्व चाचण्या नलिनी घरात असताना झाल्या, आणि तुलनेसाठी परिस्थिती तंतोतंत तीच लागते. तरी या तांत्रिक कारणास्तव तिने लवकर यावे.

ता. क. दुसरा – तांत्रिक कारण बाजूला ठेवले तरी यावे.

ता. क. तिसरा – हे पत्र तिला दाखवू नये. जेवणाच्या टेबलावर उघडे राहिल्यास माझी हरकत नाही.