अक्काच्या दारात

१२ जाने., सोम. अमळनेर.
रोहिणीचा फोन. माझ्या जुन्या उपकेंद्रावर आता ती सिस्टर आहे. गावात गोवर आलाय, ती लस घेऊन घरोघर फिरतेय, पण वरच्या गल्लीत दारं लावून घेतात. "मॅडम, तुम्ही एकदा या ना." निवृत्त होऊन किती वर्षं झाली. कोण ओळखणार मला?

१३ जाने.
जुनं आठवत बसले. बाया कापूस वेचून तशाच यायच्या. लेकरू माझ्या हातात द्यायच्या नि निंबाखाली गप्पा मारत बसायच्या. कसली लस, कशाला, कोणी विचारलं नाही. दवाखाना म्हणजे जणू माहेरच... जास्त झालं. पण तसंच काहीसं.

१५ जाने., गुरु.
गेले. एसटीतून उतरताच पारावरून कोणीतरी म्हणालं, "नर्सबाई उन्यात." आल्या म्हणे! ओळखलं मला.
आधी रोहिणीला घेऊन वरच्या गल्लीतल्या सखूअक्काकडे. तिचा गोकुळ माझ्याच हातावर जन्मला. आता त्याची मुलगी दहा महिन्यांची, गोवराची लस नाही. अक्कानं चहा दिला. लसीचं नाव काढलं तशी कपबशा उचलू लागली. मग हळूहळू सांगितलं. या नातीच्या आधीच्या खेपेला सुनेला कळा सुरू झाल्या, तर उपकेंद्राला कुलूप. रिक्षातून अमळनेरला नेताना वाटेतच बाळ गेलं.
रोहिणी तेव्हा इथं नव्हती, तरी मान खाली घालून बसली. मी नुसते नातीकडे हात पुढे केले. बऱ्याच वेळानं अक्कानं नात माझ्याकडे दिली.
"बाई, तुम्हनावर इस्वास शे. दवाखानावर नही."
लस रोहिणीनं टोचली. मग शेजारची दोन-चार घरंही उघडली.

१६ जाने.
खूश व्हायला हवं. पण अक्काचं बोलणं डोक्यातून जात नाही. लोक मला ओळखत म्हणून दवाखान्यात येत, की दवाखाना उघडा असे म्हणून मला ओळखू लागले? नाल्याला पूर आला तरी मी तिथंच असायची. आपलं माणूस आत आहे, एवढं गावाला ठाऊक असे. बस, एवढंच होतं.

१९ जाने., सोम.
रोहिणीचा पुन्हा फोन. उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला आलीय. बरं वाटलं. पण गल्लीतली काही घरं अजून बंद. "याल का?"
म्हटलं, मी आले तर माझ्यासाठी उघडतील. तुझ्यासाठी कधी?
म्हणाली, "उघडतील, मॅडम. पण गोवर तोवर थांबणार नाही."
फोन ठेवला. जावं, की दारं तिलाच ठोठावू द्यावीत...