कुलूप बाहेरून होतं

विचिटा, शुक्रवार

प्रिय आई,

तुझी कंबर कशी आहे? मी मजेत आहे, वेळेवर जेवते.

आज कोर्टात मात्र शिसारी आली. कोर्टाने मला जिची बाजू मांडायचं बिनपगारी काम दिलंय, ती टेसा सात वर्षांची. सावत्र बाप तिला कुत्र्याच्या पिंजऱ्यात कोंडायचा. त्याचा वकील हसत म्हणाला, "अहो, खेळ होता तो!" टेसाची आई मान डोलावत होती!

जज्जबाईंनी मला विचारलं. मी म्हणाले, "कुलूप बाहेरून होतं. मी त्यांच्या घरी जाऊन स्वतः पाहिलंय."

टेसाला त्या घरी पाठवलं नाही. तिची आई नवऱ्याचा हात धरून निघून गेली, वळूनही न बघता.

टेसाने विचारलं, "आई माझ्यावर चिडली का?"

"नाही गं, घाईत होती," मी खोटंच सांगितलं.

बाबांना यातलं काही सांगू नकोस, उगाच माझी काळजी करत बसतील.

तुझीच,
नोरीन