ओल्या बगॅसचे दोन मेगावॅट

आबा, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, तरी आज ऑफिसात माझी मूठ आपोआप आवळली. पोरांनी उद्याच्या वाऱ्याच्या आणि उन्हाच्या विजेचा अंदाज पुढं ठेवला होता. "सर, देशाला कोळसा कमी करायचाय, आकडा मोठाच देऊ," म्हणाले. मला तुमचं बॉयलरघर आठवलं.

वर्गातल्या एका पोरीला लिहिलेली माझी चिठ्ठी सरांनी सगळ्यांपुढं वाचली, मी बाक उलथवला आणि डिप्लोमा अर्धा टाकून पणदऱ्याला आलो. "पोरीपायी कॉलेज सोडलंस, आता बॉयलर तरी सोडू नगं," म्हणत तुम्ही साखर कारखान्यात मला हाताखाली घेतलंत. त्याच हंगामात उसाच्या चिपाडावरची, म्हणजे बगॅसवरची वीज पहिल्यांदा इंदापूरकडच्या वीजकेंद्राला द्यायची होती. किती वीज देणार, तो आकडा सकाळी कळवायचा. दिवसभर टिकला तर लाइन कायमची, नाहीतर कायमची बंद. आणि त्या केंद्रात शिकाऊ म्हणून तीच! मी ऐटीत लिहिलं, तीन मेगावॅट.

तुम्ही ढिगात हात घालता, मूठ आवळता, उघडता. गोळा फुटत नाही. "ओलं हाय. दोन लिव."

"आबा, ती हसंल!"

"हसू दे. वाफ काय तुझ्या जवानीवर व्हती व्हय?"

माझा तीन खोडून तुम्ही दोन लिहिलात. मी फावडं आपटलं. दुपारी वाफेच्या दाबाचा काटा खाली घसरला. तुम्ही शांतपणे शेडकडं बोट केलंत. तिथं आठवडाभर राखून ठेवलेलं कोरडं बगॅस होतं. आम्ही ते लोटत राहिलो, काटा चढला तो उतरलाच नाही. शिफ्ट सुटताना फोन वाजला. "दोन लिहिलंस, दोनच्या खाली एकदाबी आली न्हाय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू फुगवशील." बॉयलरघरात सगळ्यांनी टॉवेल उडवले, आबा, तुम्हीसुद्धा!

डिप्लोमा मी पुढं पुरा केला. ती लाइन अजून चालू आहे, वरकुट्याच्या माळावर आता सौरपट्ट्याही चमकतात. पोरांना मी विचारलं, "ढग आला तर?" त्यांनी आकडा उतरवला.

हे पत्र टेबलावर ठेवायची सोय नाही, ती वाचेल. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि तो दोन मीच लिहिला होता, असं तिला अजून वाटतं.