बारा आठवड्यांचं उसनं

३ फेब्रुवारी, सोमवार

चारशे बारा!

बीटा एचसीजी चारशे बारा. तीनदा वाचलं. मशीन खोटं बोलत नाही – निदान माझ्याशी तरी नाही. अकरा वर्षं मीच पुसतेय त्याला, मीच पाणी-बिणी बघतेय.

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या दातात पट्टा धरून स्वतःच्याच दंडाला आवळला, रक्त काढलं, नळीवर नाव न घालता ‘कंट्रोल ३’ लिहिलं आणि रोजच्या तपासणीच्या मशीनच्या नळ्यांमध्ये सारून दिली. चोरीच आहे ही. पण दिवसाला दीडशे बायकांचे हार्मोन मी काढायचे आणि स्वतःचे काढायला दुसऱ्या लॅबमध्ये रांगेत बसायचं? हट्!

थायरॉईडसाठी टीएसएचपण लावला. २.१. म्हणजे शंभर मायक्रोग्रॅमची गोळी नीट काम करतेय.

दिवस राहायची ही तिसरी वेळ. आधीच्या दोन्ही नवव्या आठवड्याच्या पुढे गेल्या नाहीत. त्यामुळे नाचायचं नाही. गप्प बसायचं.

५ फेब्रुवारी

आठशे नव्वद. दोन दिवसांत दुपटीच्या वर. असंच हवं.

मोहरीएवढा जीव, आणि निरोप धाडायला लागलासुद्धा! एचसीजी म्हणजे निरोपच – मी आलोय, पाळी येऊ देऊ नका. मग अंडाशय प्रोजेस्टेरॉन बनवत राहतं, गर्भाशयाचं अस्तर टिकतं, आणि पुढे वार तयार झाली की ती ते काम अंगावर घेते. पेशंटना हे शंभरदा पोपटासारखं सांगितलंय. आज स्वतःला सांगताना रडूच आलं.

८ फेब्रुवारी

नवऱ्याला सांगितलं. भांडी घासत होता. कप तसाच हातात, नळ तसाच चालू.

“आईला?”

“नाही. बारा आठवडे होईपर्यंत नाही.”

नळ बंद केला. का नाही, ते त्याला माहीत आहे.

गेल्या वेळी सासूबाईंनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं होतं. लिफ्टमध्ये, जिन्यात, दूधवाल्याला. आनंद झाला होता त्यांना, दुसरं काय! आणि सगळं संपल्यावर, हॉस्पिटलमधून घरी आले त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं – लिहायलाही लाज वाटते – “तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून गेलं.” लॅबमध्ये काम करणारी बाई मी! बोलण्याने गर्भ जात नाहीत हे मला माहीत नाही?

तेव्हापासून सासूबाई बोलतात, पण मोजून. तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर बसलेली बाई ती. लोक औषध घ्यायला यायचे आणि अर्धा तास गप्पा मारून जायचे. मी तिचं तोंड बंद केलं.

माफी मागायची राहिली. राहिलीच.

११ फेब्रुवारी

बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. “थायरॉईडची गोळी चालू ठेवा. पुढे वाढवावीच लागेल. चार आठवड्यांनी तपासू.”

चार आठवडे! यांना काय जातंय सांगायला.

बाळाची स्वतःची थायरॉईड ग्रंथी बाराव्या आठवड्याच्या आसपास कामाला लागते. तोवर मेंदू घडवायला लागणारं थायरॉक्सिन सगळं आईकडून. शेजारच्या घरी वाटी घेऊन साखर मागायला जावं तसं, उसनं. आणि माझ्याच घरात ते नाही! माझी ग्रंथी केव्हाच बसली. मी रोज सकाळी गोळी घेते, त्यातलंच थोडं त्याला जातं.

केस जाम गळतायत. लॅबची काउंटरवाली मैत्रीण म्हणाली, “ही गोळ्यांची डबी घे, केसांसाठी एकदम भारी. माझे बघ!” तिचे खरंच दाट आहेत. घेतली.

१२ फेब्रुवारी

आज एका काकांशी वाजलं. फॉर्ममधल्या सातव्या प्रश्नावरून. ‘सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? जीवनसत्त्वं, केसांच्या, नखांच्या – सगळ्या लिहा. खरं लिहा.’ लॅबच्या डॉक्टर मॅडमनी गेल्या वर्षी मुद्दाम घालून घेतलाय. काका म्हणतात, “त्या काय गोळ्या आहेत का? त्या तर ताकदीच्या!” रोज हेच. लोकांना साधा एक फॉर्म खरा भरता येत नाही. चिडले मी. मळमळतही होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

०.०५.

काय हे? सतरा दिवसांत टीएसएच २.१ वरून ०.०५? पुन्हा लावला – ०.०५. टी-फोर, म्हणजे खुद्द थायरॉक्सिन, लावला – वर, भरपूर वर. थायरॉक्सिन वाढलं की टीएसएच उतरतो, कमी पडलं की चढतो; म्हणजे अंगात थायरॉक्सिन उतू चाललंय. पहिल्या तीन महिन्यांत एचसीजीमुळे टीएसएच थोडा उतरतो, माहीत आहे. पण इतका?

जास्त झालं तरी गर्भ जातो. मागच्या दोन्ही वेळा हेच झालं असेल तर? कुणी बघितलंच नव्हतं.

दिवसभर हातपाय थरथरत होते. हेही त्याचंच लक्षण. की भीतीचं?

२१ फेब्रुवारी

गोळी अर्धी करायची. ठरलं.

डॉक्टरीणबाईंना विचारायचं तर रिपोर्ट दाखवावा लागेल, आणि रिपोर्टवर काय नाव? कंट्रोल ३? नोकरी जाईल. शिवाय त्या म्हणतील, थांबा, बघू. मागच्या वेळीही ‘बघू’च म्हणाल्या होत्या.

लांबच्या दुकानातून पन्नासची बाटली आणली. आमच्या फडताळात दोन बाटल्या असतात, दोन्ही शंभरच्या, कारण सासूबाईंनाही थायरॉईड आहे. माझ्या बाटलीला लाल रबर, त्यांच्या बाटलीला नाही. माझ्या बाटलीतल्या शंभरच्या मोरीत सोडल्या, बाटलीत पन्नासच्या भरल्या. गोळ्या सारख्याच पांढऱ्या, इवल्याशा. नवऱ्यालाही पत्ता लागणार नाही. रिकामी बाटली कचऱ्यात, भाज्यांच्या सालांखाली.

२४ फेब्रुवारी

ठोके दिसले! स्क्रीनवर लुकलुकत होते. नवऱ्याने माझा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

टीएसएच अजून ०.०४. इतक्या लवकर बदलणार नाहीच. माहीत आहे. तरी लावला.

३ मार्च

०.०६. जराही हलत नाही. आणखी कमी करू का गोळी? पंचवीस? नवव्या आठवड्यात पाय टाकला. याच आठवड्यात दोनदा…

चालताना पोट हाताने धरून चालतेय. कुणी बघितलं की पर्स तिथे आणते.

७ मार्च

सासूबाईंनी सकाळी कांदा परतणं बंद केलंय. मी कामावर गेल्यावरच फोडण्या-बिडण्या. म्हटलं, का हो? तर “सकाळी कंटाळा येतो गं.” बरंच झालं! त्या वासाने मला धावावं लागायचं.

१० मार्च

नववा ओलांडला. ओलांडला! पण आनंदाला जागाच नाही डोक्यात. आकडा तोच, ०.०५.

सासूबाई हल्ली फार सुस्त. दुपारी झोपतात, भर उकाड्यात शाल. आज बटाटे सोलता सोलता खुर्चीतच डुलकी. माझ्या मनात आलं, इथे माझा जीव टांगणीला आणि यांचं मस्त चाललंय. वाईट आहे मी.

उद्यापासून पंचवीस. नाही, परवापासून. एकदा नीट विचार करते.

१२ मार्च, बुधवार

नाही. नाही. नाही.

काउंटरवर एक बाई फॉर्म भरत होती. सातव्या प्रश्नापाशी थांबली, पर्समधून डबी काढून विचारलं, “ह्या केसांच्यापण लिहायच्या?” तीच डबी. माझी डबी! काउंटरवाली म्हणाली, “मग आज रक्त नाही घेत ताई. तीन दिवस गोळी बंद करून या. रिपोर्ट चुकतो.”

मी मागेच उभी होते, हातात नळ्यांचा स्टँड. कसा पडला नाही कोण जाणे. काउंटरवालीला पेशंटचं आठवलं, मला डबी देताना नाही आठवलं. तिला काय बोलू? मला तरी कुठे आठवलं!

बायोटिन. केसांचं जीवनसत्त्व, एका गोळीत दहा हजार मायक्रोग्रॅम. आमचं मशीन रक्तातला हार्मोन पकडायला बायोटिनचाच चिमटा वापरतं. रक्तात आधीच भरमसाठ बायोटिन असलं की चिमटा भलतंच धरून बसतो – टीएसएच खोटा कमी, टी-फोर खोटा जास्त. मला माहीत नव्हतं? मशीनच्या कडेला ही सूचना लिहिलेला कागद मीच चिकटवलाय! स्वतःच्या हाताने, चिकटपट्टी लावून!

फॉर्म भरला असता तर कळलं असतं. पण कंट्रोल ३ला कसला फॉर्म?

म्हणजे अंगात काही जास्त नव्हतं. गोळी बरोबर होती, वाढवायला हवी होती. आणि मी ती अर्धी केली. एकोणीस दिवस. नेमक्या ज्या आठवड्यांत त्याला सगळं माझ्याकडूनच मिळायचं.

तो वाटी घेऊन दारात उभा आणि मी अर्धीच भरून दिली.

१३ मार्च

काल येतानाच केसांची डबी फेकली, शंभरची नवी बाटली आणली. लाल रबरवाल्या बाटलीतल्या सगळ्या गोळ्या मोरीत ओतल्या, बाटलीत नव्या भरल्या. मागे वळले तर सासूबाई. बघत होत्या.

नवऱ्याला सगळं सांगितलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसता म्हणाला, “मला तरी विचारायचंस.”

मग डॉक्टर मॅडमच्या केबिनमध्ये. उभ्या उभ्याच बोलून टाकलं.

“किती वेळा लावलं सॅम्पल?”

“सहा-सात.”

चष्मा काढला. पुसला. मला वाटलं, आता राजीनामा द्या म्हणणार. ड्रॉवरमधून कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे सरकवला. “माझ्या लॅबमध्ये बिनफॉर्मचं रक्त लागत नाही. भरा. सोमवारी या, पेशंटसारख्या. आणि डॉक्टरीणबाईंना फोन आत्ता, माझ्यासमोर.”

सातव्या प्रश्नापुढे पेन चालेना.

१४ मार्च

गूगल बंद. वाचणार नाही. ‘आईला थायरॉक्सिन कमी पडल्यास बाळाच्या बुद्धीवर…’ पुढचं वाचणार नाही.

१५ मार्च

वाचलं.

१७ मार्च, सोमवार

२.२!

नावानिशी, फॉर्मसकट. खुर्चीत बसून रक्त दिलं. मॅडमनी स्वतः लावलं. २.२. टी-फोर झकास.

हे शक्यच नाही. एकोणीस दिवस अर्धी गोळी, वर गरोदरपण. सात-आठ तरी यायला हवा होता. पूर्ण गोळी सुरू करून जेमतेम चार दिवस झालेत, तेवढ्यात उतरत नाही तो. मी पुन्हा लावायला लावलं. तेच. संध्याकाळी दुसऱ्या लॅबमध्ये गेले, रांगेत बसले – २.३.

डॉक्टरीणबाई फोनवर हसल्या. “चांगला आलाय तर चांगला म्हणा की! शरीर आहे, गणित नाही. गोळी पुढच्या आठवड्यापासून थोडी वाढवू.”

बाकीचं जग अशा वेळी पेढे वाटेल. मी मात्र कागद घेऊन बसलेय. कुठे चुकतंय? पन्नासच्या बाटलीत चुकून शंभरच्या होत्या का? कंपनीला पत्र लिहू?

नवरा म्हणतो, “तुला सुखसुद्धा टोचतं.”

१९ मार्च

सासूबाईंना सांगितलं. आणखी थांबवेना. स्वयंपाकघरात, त्या पीठ चाळत होत्या.

“आई, मला दिवस गेलेत. अकरावा आठवडा.”

मला वाटलं, आता चाळणी पडणार, आता गॅलरीत जाऊन हाका मारणार. चाळणी नीट खाली ठेवली, हात पुसले. “बरं झालं सांगितलंस. बस जरा.” स्टूल पुढे केलं. बस्स!

थोडं टोचलं खरं. पण मग मीच बोलले – त्या दिवशीचं. माफ करा म्हटलं. तीन वर्षं म्हणायचं राहिलेलं. त्या म्हणाल्या, “जाऊ दे गं, दुःखात माणूस काहीही बोलतो,” आणि पाठीवरून हात फिरवत राहिल्या. हात गार होता. चेहरा सुजलेला, आवाज बसलेला. जवळून पहिल्यांदाच बघितला मी तो चेहरा, कितीतरी दिवसांनी.

“तुमचा टीएसएच कधी केलाय?”

“करू गं, पुढच्या महिन्यात.”

“उद्याच.”

“तुझं होऊ दे आधी सगळं.”

माझं काय व्हायचंय आता? सहासात महिने आहेत!

२४ मार्च, सोमवार

आज सकाळी शेवटी त्यांना खुर्चीत बसवून घरीच रक्त काढलं. फॉर्म त्यांनी स्वतः भरला, चष्मा लावून, आणि चार घड्या घालून माझ्या पर्समध्ये टाकला. “लॅबमध्ये गेल्यावर वाच.”

टीएसएच १२.६. गेल्या वर्षभर दोनच्या आत होता.

मग घड्या उघडल्या. सातवा प्रश्न. काउंटरवर औषधांच्या पुड्यांवर लिहायच्या त्याच ठळक अक्षरात –

‘थायरॉईडची, रोज एक, पन्नासची. २२ फेब्रुवारीपासून. कचऱ्यात बाटली सापडली. दिवस गेलेल्या बाईची गोळी कुणी डॉक्टर अर्धी करत नाही, म्हणून माझ्या शंभरच्या तुझ्या बाटलीत घातल्या आणि तुझ्या मी घेतल्या. खरं लिहा म्हणतेस म्हणून लिहिलं. कुणाला बोलले नाही हं.’