नीसेनवर चार जणांचं टेबल

शॉमबर्ग, अमेरिका,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दीक्षा,

सप्रेम जय भीम.

गुडघा कसा आहे? तेल लावतेस, की बाटली तशीच खिडकीत? इकडे आम्ही दोघं बरे. तुझे भाऊजी सकाळपासून गराज आवरताहेत, म्हणजे माझ्यासमोर यायचं टाळताहेत.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं "हं" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथेच अडतं. मला तुला एक विचारायचं आहे, आणि विचारताना तुझा चेहरा समोर नको आहे.

रुहीकडे बर्नला जाऊन आलो ते फोटो ग्रुपवर पाहिलेसच. पोरीने ऑफिस सांभाळून आम्हाला छान फिरवलं. शनिवारी सकाळी म्हणाली, "मम्मी, टुडे वी आर गोइंग टू नीसेन." म्हटलं, हे काय नवीन? आपली माणसं स्वित्झर्लंडला जातात ती टिटलिसला, नाहीतर युंगफ्राउला. मंडळातल्या प्रत्येकाचा तिथे बर्फात हात पसरलेला फोटो आहे. नीसेन नावाचा डोंगर मी बापजन्मी ऐकला नव्हता. तर म्हणे, "तिथे आपली गर्दी नसते गं. लोकल लोक जातात, एका दिवसात जाऊन येता येतं."

आपली गर्दी नाही, म्हणजे ओळखीचं कुणी नाही. माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

मग मी एकेक टिपत गेले. तुझे भाऊजी डोंगरावर जायला इस्त्रीचा शर्ट घालून तयार! एरवी घरातून निघताना परत किती वाजता यायचं हे चारदा विचारणारा माणूस, त्या दिवशी चकार शब्द नाही. मी ट्रॅकपँट घातली तर रुही म्हणाली, "तो निळा कुर्ता घाल ना, फोटो चांगले येतील." बाई गं, मी काय दुधखुळी आहे? नागपुरात आपल्याला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई अशीच साडी बदलायला लावायची.

म्युलेननला ट्रेनमधून उतरलो आणि डोंगर चढणाऱ्या गाडीत बसलो. दोराने ओढतात ती गाडी, अर्ध्यावर उतरून दुसरी पकडायची. चढ इतका उभा, की मी दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. रुहीचा फोन सारखा वाजत होता. ती वाचायची, वडिलांकडे बघायची, आणि वडील खिडकीबाहेर.

वर मात्र डोळ्यांचं पारणं फिटलं. खाली थूनचं निळं तळं, समोर नजर पोचेल तिथवर बर्फाची शिखरं. पण मला बघू कुठे देतंय कुणी! रेस्टॉरंटमधल्या राखून ठेवलेल्या टेबलावर चिठ्ठी होती: रुही, चार जण.

"चौथं कोण?" मी विचारलं.

"मम्मी, प्लीज, बस ना."

भाऊजींनी मेन्यूकार्डात तोंड घातलं. कार्ड जर्मनमध्ये होतं. ह्यांना जर्मन कधीपासून यायला लागलं?

आणि शिव आला. पद्मिनीचा शिव.

पद्मिनी आठवते ना तुला? आमच्या मागच्या गल्लीतली. २०११च्या गणपतीच्या पॉटलकमध्ये, प्रत्येकीने घरून एक पदार्थ न्यायचा त्या जेवणात, तिने मला आधी आडनाव विचारलं, मग गाव, मग "म्हणजे तुम्ही..." म्हणून वाक्य अर्धं सोडलं. त्या दिवशी माझं वांग्याचं भरीत जसंच्या तसं घरी परत आलं. मी तुला फोन करून रडले होते. त्या बाईचा मुलगा माझ्यासमोर उभा राहून, हात जोडून म्हणतो, "जय भीम, आंटी."

मला वाटलं, पोपटाला चांगलं पढवलंय. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "तू कुणाच्या पंगतीला बसतोयस हे तुझ्या आईला माहीत आहे का?"

रुही "मम्मी!" म्हणून किंचाळलीच. शिव मात्र शांत होता. म्हणाला, "आंटी, त्या पॉटलकला मी होतो. बारा वर्षांचा होतो. आय सॉ युअर डिश. मी आईला सांगितलंय, लग्न रुहीशीच करणार, यायचं तर ये." मग हळूच म्हणाला, "दीक्षामावशी म्हणाल्याच होत्या, तुम्ही पहिलं हेच विचाराल."

दीक्षामावशी! माझ्या घरात माझ्या पाठीमागे काय शिजतंय, हे नागपूरला माहीत, ह्यांना माहीत, फक्त मला नाही. रुहीला मी बाहेर कठड्यापाशी नेलं आणि विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती रडायला लागली. "मावशी म्हणाली, सगळं पक्कं होईपर्यंत मम्मीला सांगू नकोस."

"का?"

"ते तिने नाही सांगितलं. फक्त म्हणाली, मम्मीला आधी कळलं की मोडतं."

दीक्षा, त्यानंतर खाली येईपर्यंत मी सगळ्यांकडे पाठ करून बसले. सगळ्यांना वाटलं मी शिववर चिडले आहे. मी चिडले नव्हते गं, घाबरले होते. दर एप्रिलला जयंतीच्या स्टेजवरून आंतरजातीय विवाहावर बोलणारी मी, आणि तुझ्या एका वाक्याला घाबरले.

तू हे वाक्य का म्हणालीस? तुला कळलंय का? कधीपासून?

कळलं असो वा नसो, लिहितेच. १९९८ साली तू आणि विक्रमने लग्नाची नोटीस दिली होती. रजिस्ट्रारच्या बोर्डावर ती तीस दिवस लागणार, हे तू फक्त मला सांगितलं होतंस. बाराव्या दिवशी दादांना कळलं, ते विक्रमच्या बापाकडे गेले, आणि आठ दिवसांत विक्रमला रायपूरला मामाकडे धाडलं. त्या कार्यालयात उत्तरावहिनीचा भाऊ कारकून होता, म्हणून तू वहिनीवर संशय घेतलास. सत्तावीस वर्षं तिच्या हातचं पाणी प्यायली नाहीस. आई गेली त्या दिवशीही तू तिच्याकडे पाठ करून बसलीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून तुझी पाठ चोळत होते.

वहिनीने नाही सांगितलं. दादांना मी सांगितलं.

माझं ह्यांच्याशी जमत होतं, बैठक पुढच्या रविवारी होती. धाकटीने आपल्याबाहेरचा केला असं कळलं तर ती माणसं माघार घेतील, अशी मला भीती वाटली. इतकंच. दुसरं काहीही कारण नव्हतं. माझा संसार झाला, तू शाळेत पोरांना शिकवत एकटी राहिलीस, आणि बोल वहिनीला लागला.

रुहीला मी काल हो म्हणून सांगितलं. पद्मिनीच्या दारातही मी जाईन, तिने दार नाही उघडलं तरी. पण रुहीचं कन्यादान-बिन्यादान आपल्यात नसतंच, तेव्हा लग्नात आईच्या जागी कोण उभं राहायचं ते तू ठरव. तू म्हणालीस तर मी मागच्या खुर्चीत बसेन.

हेच सगळं मी उत्तरावहिनीलाही लिहिलंय, एक शब्द कमी न करता. दोन्ही पाकिटं एकदमच पोस्टात टाकतेय, म्हणजे मला माघार घेता येणार नाही. तिला आधी मिळालं तर मिळू दे. तिचा हक्क तुझ्याही आधीचा आहे.

उत्तर नाही आलं तरी मी समजेन.

तुझा विश्वासघात केलेली,
सुजाता