न वाजवलेला टोला

भंडारा, १९८८

प्रिय गणबाजी मिस्त्री, रामराम.

तुम्ही गेल्याला चार वर्षं झाली आणि मी आज तुम्हाला पत्र लिहायला बसलो. काहून? तर आज माझ्या कारखान्यात कान तपासायची मशीन आली! नागपूरचा डॉक्टर, सानगडीच्या जुन्या गिऱ्हाइकाचा जावई. फुकटात आणला म्हणायचं. जाताना परात मात्र द्यावी लागली. दोन्ही कानांवर फोन लावतो, आत बारीक टूं टूं वाजतं, ऐकू आलं की बोट वर करायचं. माझी पाळी झाली तसा तो म्हणाला, "काका, पितळेच्या धंद्यात जन्म काढून तुमचे कान असे शाबूत कसे?"

मी तुमचं नाव सांगितलं.

आठवतं, आपल्या जुन्या कारखान्यात बहिरं होणं म्हणजे मान होता? एका छपराखाली बारा हातोड्या. "भैरा नाई त कारागीर कायचा!" कानात कापूस घालील त्याला सगळे 'नवरी' म्हणून चिडवत. आणि तुम्ही तर सगळ्यांत मोठे कारागीर, सगळ्यांत मोठे भैरे!

मग चौऱ्याहत्तर साली सानगडीचा तो दुकानदार आपल्याकडचा पाण्याचा पितळी गुंड परत घेऊन आला. "मिस्त्री, पाहा, पाणी गळून राहिलं!" प्रत्येक गुंड तुम्हीच टिचकी मारून पास करायचात. चीर असली की आवाज बद्द येतो. मी टिचकी मारली. बद्द! तुम्ही कानाशी धरून दोनदा मारलीत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "मले हे आयकूच नाई येऊन राहिलं. माह्ये कान गेले रे बाबाहो."

एवढा मोठा माणूस, आणि असं उघड सांगतो! मी असतो तर दुकानदाराशीच भांडलो असतो.

पुढच्या सोमवारपासून तुमची परीक्षा सुरू. मालकाला कसं पटवलंत, देव जाणे! तेलात भिजवलेला कापूस कानात सक्तीचा. आणि दर सोमवारी, हातोडी उचलायच्या आधी, भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मागे दहा पावलांवर तुम्ही, हातात तांब्या आणि लाकडाची दांडी. हळूच एक टोला. ऐकू आला की हात वर. नाही आला, तर ठोकाई बंद, मालकाच्या दुकानात कमी मजुरीवर भांडी विकत बसायचं.

मी तर कापूस भट्टीत टाकायचो. संध्याकाळी कानात रातकिडे ओरडायचे, पण ठोकाई सोडायची नव्हती. नुकतंच लग्न झालेलं, जावई मोठा कारागीर म्हणून सासरा गावभर सांगत फिरलेला! भिंतीला घासलेल्या पराती टेकवलेल्या असत. त्यांत तुमचा हात दिसायचा. तो हलला की माझा वर! चार सोमवार मी पास.

पाचव्या सोमवारी मी हात वर केला आणि तुम्ही म्हणालात, "नामदेव, म्या त वाजोलंच नाई."

दांडी तांब्याच्या अलीकडेच थांबवली होती तुम्ही! "मिस्त्री, याले देवाचं आयकू येते!" कोणीतरी ओरडलं आणि सगळे खो खो हसले. डोळ्यांनी ऐकणाऱ्या माणसासमोर मी डोळ्यांची चोरी करायला गेलो होतो!

मी गयावया केली. "मले दुकानात नका टाकू, मिस्त्री. सासरा काय म्हणन?"

तुम्ही माझ्या ओठांकडे पाहत होतात. "सासऱ्याचं सोड. उद्या लेकरू तुले बा म्हणन, ते आयकाले कान ठेव. मी नातवाचं बोलणं त्याच्या ओठावर पाहतो."

तुम्ही वळून परात पारखायला लागलात. आणि मी मागून नाही नाही त्या शिव्या दिल्या. भैऱ्याला काय ऐकू येणार! तुम्ही वळलाही नाहीत. पण मिस्त्री, परात घासलेली होती. माझं तोंड त्यात दिसलं असेल ना? पुढे कधी एक शब्द काढला नाहीत. मीही कधी विचारलं नाही, माफी मागितली नाही. तेवढं राहूनच गेलं.

दुकानात बसायला लागलो तसे कानातले रातकिडे हळूहळू गेले. टिचकीवर भांडं ओळखायला शिकलो. नामदेवनं दिलेला गुंड गळत नाही, असं गिऱ्हाईक म्हणू लागलं. त्याच नावावर हा कारखाना उभा आहे. आणि लेक पहिल्यांदा 'बा' म्हणाली ती घरात, मी अंगणात. ऐकलं मी!

आज मशीनवर माझा शंकर नापास झाला. माझ्याकडचा सगळ्यांत चांगला हात, आणि लग्नसराई तोंडावर! "काका, एवढा सीजन ठोकू द्या," म्हणाला, "मंग बसतो दुकानात." खोटं कायले बोलू? क्षणभर माझंही मन घसरलं.

पण तुम्हाला शब्द देतो. उद्या सकाळी शंकर दुकानात बसेल. मजुरी तीच राहील. ते तुमच्या हातात नव्हतं, माझ्या आहे. तो माझ्या पाठीमागे शिव्या देईल. देऊ दे. मी वळणार नाही. पण मला ऐकू येईल, मिस्त्री, शब्द न् शब्द. हे कान तुम्हीच राखलेत ना!

तुमचा,
नामदेव