परतीचा शॉट

३ मार्च, सोमवार. दुकान नुकतंच उघडलंय, गिऱ्हाईक नाही.

आजपासून रोजनिशी. जागा: दुकानातला चष्म्याच्या फ्रेमचा ड्रॉवर, कुलपात. घरी न्यायची नाही. यादी पूर्ण होत आलीय आणि हल्ली कुणाचा भरवसा धरावा असे दिवस राहिलेले नाहीत.

यादी म्हणजे माझे आवडते दिग्दर्शक, आवडते नट, आणि प्रत्येकाचे सर्वोत्तम पिक्चर, क्रमवार. शंभरपैकी मार्क. दिग्दर्शन तीस, अभिनय तीस, शेवट चाळीस. शेवटाला एवढे का, म्हणून परवा लायब्ररीच्या फिल्म क्लबात दातवाल्याने खवचटपणे विचारलं. माझ्या दुकानाच्या वरच ह्याचा दवाखाना. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालायचा, त्यामुळे दुसऱ्याच्या तोंडचं काढून घ्यायची सवय. मी नुसता हसलो. तेही चुकलं. खालची दाढ किडलीय, म्हणाला.

नंबर एक पक्का: जाड फ्रेमवाल्या दिग्दर्शकाचा होडीवाल्याचा पिक्चर. नट अर्थात लांबनाक्या. त्या नाकावर कुठलीही फ्रेम घसरल्याशिवाय बसेल. निम्मा अभिनय तिथेच होतो.

५ मार्च, बुधवार.

क्लबचे अध्यक्ष गाव सोडून मुलीकडे राहायला चाललेत. लायब्ररीवाल्या बाई म्हणाल्या, दोन इच्छुक आहेत, मी आणि दातवाला. माझी संधी आधी. मी माझा नंबर एक दाखवायचा, त्यावर बोलायचं, मग सभासदांनी हात वर करायचे. तारीख बावीस, शनिवार. खुर्ची माझीच. नवी पाटी कशी करायची एवढंच ठरवायचंय.

बोलायला माझ्याकडे काय आहे हे कुणालाच माहीत नाही. इथे लिहून ठेवतो, उद्या कुणी चोरलं तर पुरावा. माझ्या यादीतल्या पहिल्या पाचही पिक्चरांच्या शेवटी, गेलेला माणूस परत येतो! होडीवाला परत येतो. पोस्टमन परत येतो. शाळा सोडून गेलेल्या मास्तरीणबाई परत येतात. पाच दिग्दर्शक, पाच देश, एकमेकांची ओळखदेख नाही, आणि शेवट एकच. जगातल्या एकाही समीक्षकाच्या लक्षात आलं नाही. मी त्याला नाव दिलंय, परतीचा शॉट.

फक्त बायकोला सांगितलं. ही इस्त्री करत होती. इस्त्री तशीच धरून ऐकत राहिली. शर्टाची बाही जळली. शर्ट अर्थात माझा. मग म्हणाली, अहो, दुसरा कुठला तरी पिक्चर दाखवा ना.

का? कुठेतरी पाणी मुरतंय.

८ मार्च, शनिवार.

हिचा आग्रह चालूच. म्हणे तो वेटरांचा विनोदी पिक्चर दाखवा, त्यात शेवटपर्यंत जागं राहता येतं. ह्या वाक्याचा मला राग आला. एकदा स्पष्ट करून टाकतो. मी पिक्चरला झोपत नाही. डोळे मिटतो. दिवसभर लोकांच्या बुबुळांत टॉर्च मारणाऱ्या माणसाचे डोळे इंटर्व्हलनंतर विश्रांती मागतात. त्यापुढचा भाग मी कानाने पाहतो. त्याला तपश्चर्या लागते.

दिवे लागले की परतीच्या वाटेवर हिच्याशी शेवट ताडून घ्यायचा, हा लग्नापासूनचा शिरस्ता. हिची स्मरणशक्ती चांगली आहे, ते मी नाकारत नाही. कोण कुठे उभं होतं, कुणाच्या हातात काय होतं, सगळं सांगते. विश्लेषण मात्र माझं.

१० मार्च, सोमवार. दुपार.

एका आजोबांना तक्ता वाचायला लावला होता. ते तिसऱ्या ओळीवर अडखळले तेवढ्यात काचेतून पाहिलं, ही जिना चढून वर गेली. वर फक्त दातवाला. हिचे दात ठणठणीत आहेत, अजून अक्रोड फोडते. बराच वेळ खाली येईना. आजोबांना मी तोवर तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचायला लावत होतो. शेवटी ते म्हणाले, आता पाठ झाली.

घरी विचारलं, कुठे गेली होतीस. बाजारात, म्हणाली. पिशवी रिकामी. बाजारात काहीच नव्हतं का, विचारलं. गर्दी होती, म्हणाली. रिकाम्या पिशवीने गर्दी बघून आली!

११ मार्च, मंगळवार.

दाढेच्या निमित्ताने वर गेलो. बेत असा की बोलता बोलता त्याची उलटतपासणी घ्यायची. बेत उत्तम होता. पण खुर्चीत पाठ टेकताच त्याने माझ्या तोंडात आरसा, नळी आणि कापूस कोंबला आणि उलटतपासणी त्यानेच घेतली. होडीवाला शेवटचा कधी पाहिलात? आँ. अख्खा पाहिलात? आँ. पुन्हा एकदा पाहून घेणार का, त्यावर बोलण्याआधी? आँ आँ.

दाढ भरली आणि पैसे घ्यायला तयार नाही. शेजारधर्म, म्हणे. एवढी वर्षं कुठे होता हा धर्म? दुखतंय.

१४ मार्च, शुक्रवार.

गळ टाकला. सकाळी हिला सहज सांगितलं, नंबर एक बदलला, आता लाइटहाऊसवाला दाखवणार. खरं तर लाइटहाऊसवाला माझ्या यादीत पार खाली आहे. शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो. हे जगात कुणालाही सांगितलं नाही, फक्त हिला. दुपारी जिन्यात दातवाला भेटला. खूश. म्हणाला, लाइटहाऊस, फार छान निवड, तोच ठेवा, त्यात तो खरंच परत येतो.

सापडले! दोघंही! आणि परतीच्या शॉटचंही ह्याला कळलंय. 'खरंच' म्हणजे काय ते समजलं नाही, पण ते महत्त्वाचं नाही.

रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, चव लागली नाही. वाईट वाटलं. इतकी वर्षं आम्ही शेजारी बसून पिक्चर पाहतो. ही कडेच्या खुर्चीवर, मी आत. ह्या बाईला दातवाल्याने काय दिलं असेल?

१७ मार्च, सोमवार.

लायब्ररीत होडीवाल्याची डिस्क राखून ठेवायला गेलो. बाई म्हणाल्या, ती तुमच्याच घरी आहे, वहिनी नेऊन बरेच दिवस झाले. घरी शोधली. चादरींच्या घडीत मिळाली. नक्कल काढून दातवाल्याला पोचवायचा डाव असणार. तशीच उचलली, लायब्ररीत जमा केली आणि होडीवाला जाहीर करून आलो. हिला अवाक्षर बोललो नाही. संध्याकाळी ही कपाट उघडून चादरींकडे पाहत उभी होती. घरात नुसता पंखा बोलत होता.

२० मार्च, गुरुवार.

निर्णय. पिक्चरनंतर बोलायची पद्धत आहे. मी आधी बोलणार. नंतर बोललो तर मध्ये दातवाला उठून माझाच मुद्दा मांडेल आणि मी तोंडघशी पडेन. बाई म्हणाल्या, आधी शेवट सांगितला तर लोकांची मजा जाईल. म्हटलं, माझं ऐकल्यावर मजा सुरू होईल.

दुसरा निर्णय. पिक्चरभर दातवाल्याच्या पाठीमागे बसायचं आणि त्याच्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. डोळे मिटायचे नाहीत. तपश्चर्येला एक दिवस सुट्टी.

२२ मार्च, शनिवार. दुपारी चार. वाटेत दुकानात.

कोट तयार. निघताना हिने माझी कॉलर नीट केली आणि म्हणाली, अजून वेळ गेली नाही, ताप आलाय असं सांगते मी. हिचे डोळे भरले होते. माझा विजय इतका बोचावा? मी म्हटलं, येणार असलीस तर ये, नाहीतर वरच्या मजल्यावर जाऊन बस. बोलायला नको होतं. बोललो.

ती आली.

२३ मार्च, रविवार. सकाळ.

कालचं लिहायला हात उचलत नाही. लिहितो.

भाषण अप्रतिम झालं, हे कुणी नाकारू शकत नाही. शेवटचा शॉट असा उभा केला की सांगता सोय नाही. रिकामा धक्का. धुकं. आधी वल्ह्याचा आवाज. मग टोपी. मग तो. तो घरात येतो, टोपी खुंटीला अडकवतो, आणि चुलीपाशी बसलेली बायको मागे वळूनही न बघता फळीवरून दुसरा कप काढते. एका मावशींनी पर्समधून रुमाल काढला. आमची ही मात्र मान खाली घालून बसली होती.

दिवे गेले. मी दातवाल्याच्या मानेवर नजर रोखली. मान काही करत नव्हती. इंटर्व्हलनंतर कंटाळून पडद्याकडे पाहिलं तर मला काहीच ओळखीचं वाटेना. हे सगळं ह्यात कधी होतं? लांबनाक्या होडीत बसून गेला. धुकं आलं. बायको धक्क्यावर उभी राहिली. घरी गेली. कप काढला. एकच. आणि पडद्यावर नावं यायला लागली. मी वाट पाहत होतो. नावं संपली. दिवे लागले. कुणी आलं नाही.

मी उभा राहिलो आणि ओरडलो, प्रिंट कापलीय! मागून कुणीतरी फिसकन हसलं. मग ते पसरत गेलं. तेवढ्यात दातवाला उठला आणि शांतपणे म्हणाला, ह्या पिक्चरच्या दोन आवृत्त्या आहेत. जुन्या आवृत्तीत तो परत येतो, मी स्वतः पाहिलीय, दुर्मीळ आहे. हसणं थांबलं.

माझा शत्रू माझा साक्षीदार? ह्यातही त्याचं काहीतरी असणारच. आणि होतंच. हात वर करायची वेळ आली तेव्हा सगळे त्याच्यासाठी वर झाले.

पण मुद्दा सिद्ध झाला. कात्री लायब्ररीवाल्या बाईंनीच लावली. डिस्क शेवटी त्यांच्याच ताब्यात होती.

२४ मार्च, सोमवार. दुकान बंद ठेवलं. रात्री शटर ओढून लिहितोय.

सकाळी लायब्ररीच्या कमिटीला तक्रार लिहिली. बाईंना क्लबच्या कामावरून काढा, चौकशी करा, वगैरे. भाषा कडक जमली होती. शुद्धलेखन बघ, म्हणून हिला दिली. हिने वाचली, घडी घातली, आणि समोर बसली. म्हणाली, त्या बाईंच्या पोटावर पाय देऊ नका. त्यांनी काही कापलं नाही. शेवट मी जोडलाय.

लग्नानंतरचा आमचा पहिला पिक्चर पोस्टमनचा. इंटर्व्हलनंतर मी हिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलो होतो. (झोपलो, हा शब्द हिचा.) पोस्टमन नदीत बुडून मेला. दिवे लागले, मी डोळे चोळत उठलो आणि विचारलं, आला ना परत? माझं तोंड असं झालं होतं म्हणे की हिला नाही म्हणवेना. हो म्हणाली. मी घरापर्यंत गाणं म्हणत आलो. त्यानंतर प्रत्येक पिक्चरला मी तेच विचारत गेलो. शेवटी काय झालं, असं तुम्ही एकदाही विचारलं नाहीत, म्हणाली. आला ना परत, एवढंच विचारायचात.

टोपी? हिची. वल्ह्याचा आवाज? हिचा. दुसरा कप? तोही हिनेच काढला. पिक्चर बदलायला लावा म्हणून दातवाल्याचे पाय धरायला वर गेली होती, आणि ते जमलं नाहीच तर दोन आवृत्त्यांचं सांगा, हेही हिनेच त्याला पढवून ठेवलं होतं. पहिल्या पाचांत खरोखर परत येणारा एकही नाही. यादीत एकटा लाइटहाऊसवाला येतो.

तक्रार फाडली. संध्याकाळी राहवेना, विचारलं, मास्तरीणबाई तरी? नाही, म्हणाली, त्या तर पहिल्याच रिळात गेल्या, पुढे सगळी त्यांची आठवणच आहे. मला रडू आलं. मास्तरीणबाईंसाठी.

२६ मार्च, बुधवार.

यादी नव्याने. सगळ्यांचे शेवटाचे चाळीस वजा केले. एकही दिग्दर्शक पास होत नाही. जाड फ्रेमवाला नापास. लांबनाक्या काठावर. शेवटात पैकीच्या पैकी मिळवणारं एकच माणूस निघालं. नाव इथे लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्या हाती लागली तर उगाच डोक्यावर बसायची.

२८ मार्च, शुक्रवार.

नवे अध्यक्ष दुकानात आले. मला क्लबात पद देतायत. पिक्चर संपला की हॉलचे दिवे लावायचे. जबाबदारीचं काम आहे, जागा माणूस हवा, असं म्हणताना त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं का, ते पाहत होतो. नव्हतं. जास्तच संशयास्पद. पद स्वीकारलं.

संकल्प: यापुढे प्रत्येक पिक्चर उघड्या डोळ्यांनी, शेवटपर्यंत. शेवट माझा मी पाहणार. कुणाला विचारणार नाही.

३० मार्च, रविवार.

काल दोन भावांचा पिक्चर होता. धाकटा बर्फातून निघून जातो, थोरला स्टेशनात बाकावर बसून राहतो. इंटर्व्हलपर्यंत एकदाही पापणी जड झाली नाही. बटणापाशीच खुर्ची घेतली होती. नंतर संगीत फार सुंदर होतं.

जाग आली तेव्हा हॉलमध्ये अंधार. पडदा पांढरा. लोक अंधारात खोकत बसलेले. कुणीतरी चप्पल शोधत होतं. मग हीच उठून आली, माझ्या डोक्यावरून हात नेला आणि बटण दाबलं. दातवाल्याने टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पिक्चरला असाव्यात.

घरी येताना मी काही विचारलं नाही. संकल्प होता. कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान आलं. तिथे हिने विचारलं, खरा सांगू की नेहमीसारखा?

दुकान ओलांडेपर्यंत विचार केला. नेहमीसारखा, म्हटलं.

ही सांगायला लागली. थोरला बाकावरून उठतो. गाडी सुटलेली असते. फलाटावर बर्फ. आणि बर्फात पाठमोरी पावलं नाहीत, समोरून येणारी आहेत. धाकट्याच्या हातात थोरल्याचा मफलर आहे.

शेवटाला चाळीसपैकी चाळीस. नंबर एक.